टक्कल आणि बोअरचं पाणी

केस गळायला लागले की आमच्या सोसायटीत पहिला आरोपी बोअरचं पाणी, दुसरा हेल्मेट. डीएचटी या हार्मोनवर कुणी संशय घेत नाही. ते घरचंच ना! वडिलांचं आणि मामांचं चकचकीत टक्कल भिंतीवरच्या फोटोतून हसत असतं, तरी आम्ही कांद्याचा रस चोळून बायकोला दुसऱ्या खोलीत झोपायला लावतो.

मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध; केस उगवणं हा त्याचा दुष्परिणाम. आता तेच डोक्याला लावायचं, तेही कायम. सोडलं की आलेलं पीकही जातं. बिल बघून रक्तदाब वाढतो, ते वेगळं. प्रत्यारोपण म्हणजे मागच्या वाफ्यातली रोपं उपटून पुढे लावायची.

आमचा न्हावी मात्र अजून गंभीरपणे विचारतो, "भांग कुठून पाडू?"