ती तुझी कोण लागते?

सोसायटीच्या नॉमिनेशनच्या अर्जात एक रकाना असतो : नाते. अर्ज तीन प्रतींत द्यायचा, म्हणजे तो तीनदा भरायचा. विरार पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत मी कमिटीवर आहे. मध्यंतरी एक अर्ज आला, त्यात तिन्ही प्रतींवर हा रकाना कोरा होता. नॉमिनीचं नाव होतं, हिस्सा शंभर टक्के होता, पत्ता होता तोच फ्लॅट. विचारलं तेव्हा अर्ज करणारी म्हणाली, "काका, मैत्रीण लिहिलं तर खोटं होईल. आणि खरं ते तुमच्या फॉर्मात बसत नाही."

ती आणि तिची नॉमिनी, दोघी बारा वर्षं त्या फ्लॅटमध्ये राहतात. कर्ज एकीच्या नावावर, हप्ता दोघींचा. पहाटे पाणी आलं की एक पिंप भरते, तोवर दुसरी डबे करते. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी काही बोलत नाही. या न बोलण्याला मी इतकी वर्षं समजूतदारपणा म्हणत आलो. त्या कोऱ्या रकान्यापुढे तो भित्रेपणा वाटला.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दोन सज्ञान माणसांचं समलिंगी प्रेम हा गुन्हा नाही. कलम 377 चा दीडशे वर्षांचा फास सुटला. मग 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही, आणि 1954 च्या विशेष विवाह कायद्यात समलिंगी जोडप्यांना बसवणं हे न्यायालयाचं काम नाही, संसदेचं आहे. लग्न नाही तर नाही, निदान या नात्याला कायद्याची ओळख तरी द्या, असं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांचं मत होतं. तीन विरुद्ध दोन, ते अल्पमतात गेलं. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. थोडक्यात, एकत्र राहा, प्रेम करा, पण एकमेकींच्या कुणी लागू नका.

हे "कुणी न लागणं" काय असतं ते आमच्या सोसायटीच्या दप्तरात बघा. सहकारी संस्था अधिनियमात सहयोगी सभासद कोण होऊ शकतो याची यादी आहे. नवरा, बायको, आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, सून, जावई, अगदी भाचा-पुतण्यासुद्धा. बारा वर्षं हप्ता भरणारी जोडीदार त्यात नाही. तिला नॉमिनी करता येतं, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सभासद गेल्यावर नॉमिनी फक्त तात्पुरती सभासद होते, कायदेशीर वारस येईपर्यंत. 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये शेअर्सच्या बाबतीत हेच सांगितलं. आणि वारस कोण? लग्न न झालेली हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर घर आधी आई-वडिलांकडे, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे, उदाहरणार्थ भावाकडे. मग तो या घराची पायरी एकदाही चढलेला नसला तरी.

बरं, जिवंतपणीच अर्धं घर तिच्या नावावर करावं म्हटलं तर? नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. या दोघींना मात्र विक्रीचा दर, म्हणजे लाखांची बात. वर घेणारीला प्राप्तिकर, कारण पन्नास हजारांपुढची भेट सहसा नातेवाइकाकडून आली तरच माफ. या कराच्या भेदभावाला एका समलिंगी जोडप्याने 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे.

प्राप्तिकर दिल्लीचा, लग्नाचा कायदाही संसदेने करायचा, हे मान्य. पण सहकारी संस्थांचा कायदा महाराष्ट्राचा आहे आणि मुद्रांक शुल्कही महाराष्ट्राचं. सहयोगी सभासदाच्या यादीत "जोडीदार" हा एक शब्द घालायला विधिमंडळाचं एक अधिवेशन पुरतं. शुल्क कमी करायला राजपत्रातला आदेश पुरतो. केंद्राने 2024 मध्ये समलिंगी जोडीदारांना एकाच शिधापत्रिकेवर एक घर म्हणून धरा असं राज्यांना कळवलं, बँकेत संयुक्त खात्याला आणि नॉमिनीला आडकाठी नाही असंही सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तर स्पष्टच म्हटलं की कुटुंब फक्त लग्नानेच बनतं असं नाही. रेशनच्या तांदळासाठी जे एक घर आहे, ते घराच्याच कागदावर दोन परकी माणसं कशी?

लग्नसंस्था बुडेल म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, शेजारच्या फ्लॅटचा कागद नीट झाल्याने तुमच्या संसारातलं नेमकं काय कमी होणार?

तो अर्ज आम्ही कमिटीत मंजूर केला. नॉमिनी कुणालाही करता येतं, नातं लागतंच असं नाही. तरी मी तिला म्हटलं, रकाना कोरा ठेवू नकोस. तिने पेन घेतलं आणि तिन्ही प्रतींवर "जोडीदार" लिहिलं. माझ्या हाताखालून गेलेल्या अर्जांत हा शब्द पहिल्यांदाच आला.

वसई आणि नालासोपाऱ्याच्या आमदारांनी हा एक शब्द विधानसभेत न्यावा. इथला बराच मतदार सोसायटीत राहतो, त्याला शेअर सर्टिफिकेटची किंमत कळते.

आणि ज्यांचं घर असं आहे त्यांनी कायदा बदलायची वाट बघू नये. मृत्युपत्र करा, या महिन्यात करा. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, साधा कागद चालतो. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला घर द्यायचं त्याला साक्षीदार करू नका. वसई-विरारमधल्या दुय्यम निबंधक कार्यालयात ते नोंदवून घ्या.