आत चार, बाहेर सहा

(रंगमंचावर एक खुर्ची. हेल्मेट घातलेले साठीकडे झुकलेले काका येतात.)

पुणेकर असून डोक्यावर हेल्मेट, म्हणजे प्रकृतीचंच काहीतरी असणार, हे तुम्ही ओळखलंच असेल. बरोबर. रक्तदाब. 160 वर 100.

डॉक्टर म्हणाले, "काका, फार ताण घेताय. सोडा तो."

म्हटलं, "कुठे सोडू? या गावात स्कूटर सोडायला जागा नाही!"

डॉक्टर तरुण. समजावून सांगायची हौस. "1936 साली कॅनडात हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञानं उंदरांना कधी गारठ्यात ठेवलं, कधी बेसुमार पळवलं. त्रास निरनिराळा, पण परिणाम तोच. पोटात व्रण!"

म्हटलं, "उंदरांना कशाला छळायचं? एखाद्याला संध्याकाळी सहा वाजता स्वारगेटहून डेक्कनला पाठवायचं. गारठा सोडून सगळं मिळालं असतं!"

(खुर्चीवर बसतात.)

औषध काय, तर हास्यक्लब. मूळ मुंबईचं बरं का. 1995 च्या मार्चमध्ये डॉ. मदन कटारियांनी एका बागेत पाच माणसं गोळा केली. मुंबईत पाच माणसांना ऐसपैस उभं राहायला मिळालं, त्या आनंदातच हसली असतील! आधी विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत विनोद संपले. मग ठरलं, विनोदाशिवायच हसायचं.

(प्रेक्षकांकडे आशेनं बघत) ही सोय आपल्यात चालेल का?

आमच्या बागेतल्या क्लबच्या प्रमुख म्हणजे मराठीच्या निवृत्त शिक्षिका. सगळे हात वर करून हा-हा-हा करतायत आणि बाई माझ्यासमोर येऊन उभ्या. (कमरेवर हात ठेवून) "तुमचा 'हा' ओठांतला आहे. 'ह' महाप्राण आहे. पोटातून काढा!"

आठ दिवस काढतोय. निघेना! आठव्या दिवशी बाहेर येतो तर माझ्या स्कूटरला चिकटून कुणीतरी मोटार लावलेली. वीस मिनिटं हसलो होतो, चाळीस मिनिटं भांडलो. रक्तदाब 164. आणि खरं सांगू? भांडताना आवाज मात्र थेट पोटातून आला. बाईंनी लांबून मान डोलावली.

डॉक्टरांनी हात टेकले. "काका, नुसता श्वास घ्या. आत चार आकडे, बाहेर सहा. श्वास सावकाश सोडला की व्हेगस नावाची नस हृदयाला सांगते, जरा दमानं. ही नस मेंदूपासून थेट पोटापर्यंत जाते."

"थेट? वाटेत एकही सिग्नल नाही?"

"नाही."

म्हणजे पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेरची असणार!

(खुर्ची उलटी करून स्कूटरसारखे बसतात.)

परवा अलका चौक. सिग्नल लाल. आकडा 90. म्हटलं, हाच मुहूर्त. एका श्वासाला दहा सेकंद, म्हणजे नऊ श्वास. फुकटचा योगवर्ग! आत, एक, दोन, तीन, चार... (खोकतात) पुढे पीएमपीची बस होती. बाहेर, एक, दोन...

नवव्या श्वासाला सिग्नल हिरवा. माझे दोन आकडे बाकी. मागून हॉर्न. एक पोरगा ओरडला, "ओ काका, झोपलात का?"

"श्वास सोडतोय!"

"मग पलीकडे नेऊन सोडा!"

(क्षणभर स्तब्ध. मग खांदे हलू लागतात, आणि पोट धरून हसतात.)

आला! आठ दिवस बागेत न निघालेला 'हा' अलका चौकात आला! महाप्राण! हेल्मेटची काच धुरकटली!

पुढे दांडेकर पुलाला पुन्हा लाल. पोरगा शेजारी येऊन थांबला. चेहरा त्याचाही 160 वर 100. हळूच म्हणाला, "काका, आत किती म्हणालात?"

"आत चार. बाहेर सहा."

दोघंही लागलो. आत... बाहेर... सिग्नल हिरवा. मागून हॉर्नचा कल्लोळ. आम्ही दोघं एकदम मागे वळलो...

(वळून, बोट उंचावून)

"थांबा हो! एक श्वास राहिलाय!"

(अंधार.)