घरच्या घरी इंजिन : नवशिक्यांसाठी सोपी कृती

सुरुवातीला घरच्यांना ‘छोटंसंच मशीन आणतोय’ एवढंच सांगावं. यात खोटं काही नाही; साडेचार फुटी लेथ कारखान्यात छोटाच समजतात. तो लिफ्टमध्ये मावत नाही आणि त्याचं वजन क्विंटलमध्ये मोजतात, हे टेम्पो दारात आल्यावर सगळ्यांना कळतंच. जुन्या लेथची मोटर बहुधा थ्री फेज निघते आणि घरात असतो सिंगल फेज. मोटर बदलावी. घर बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं. हे खूळ आजकालचं आहे असा आरोप झाला, तर ब्रिटनमध्ये याच मंडळींसाठी पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ सालीच ‘मॉडेल इंजिनिअर’ मासिक काढलं होतं, असं ठणकावून सांगावं. मायक्रोमीटर, कानशी, टॅप वगैरे पुण्यात बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात हुडकावे.

पहिलंच इंजिन आठ सिलिंडरचं करायची प्रत्येकाची इच्छा असते. जरूर करावं. त्याचा पहिला पिस्टन पेपरवेट म्हणून छान दिसतो. ज्यांना इंजिन फिरलेलंही बघायचंय त्यांनी ‘वॉब्लर’ घ्यावं. यात सिलिंडरच डुलतो आणि डुलता डुलता त्याचं भोक कधी वाफ आत येणाऱ्या, कधी बाहेर जाणाऱ्या भोकासमोर येतं. वेगळा व्हॉल्व्ह नाही. पितळी सिलिंडर, १२ मिलिमीटर बोअर. क्रँकपिन मध्यापासून १० मिलिमीटरवर, म्हणजे स्ट्रोक २०. बॉयलरच्या नादी लागू नये, कॉम्प्रेसरच्या हवेवर झकास चालतं.

बोअर नुसत्या ड्रिलने उरकायचा मोह होईल. ड्रिल भोक पाडतं; ते सरळ आणि गोल असेल असं वचन त्याने कुणाला दिलेलं नाही. ११ चं ड्रिल मारून बोअरिंग टूलने भोक सरळ करावं आणि शेवटचा दोन दशांशांचा कट १२ च्या रीमरला ठेवावा. फेसिंगही त्याच सेटिंगमध्ये. तोवर जॉब चकमधून काढायचा नाही, मग जेवायला हाक येवो की पाहुणे येवोत. थ्री-जॉ चकमधून काढलेला जॉब पुन्हा होता तसा बसत नाही. काढलाच, तर फोर-जॉ चक लावायचा, डायल गेज टेकवायचा आणि समोरासमोरचे जॉ सैल-घट्ट करत काटा स्थिर होण्याची वाट बघायची. संध्याकाळ जाते, पण काट्याकडे टक लावून बसलेल्या माणसाला कुणी दळण आणायला पाठवत नाही.

आता पिस्टन. आपल्या लेथची डायल त्रिज्येवर आहे की व्यासावर, ते आधी बघावं. त्रिज्येवर असेल तर एक दशांश आत गेलं की व्यास दोन दशांशांनी उतरतो. हँडल उलटं फिरवल्यावर सुरुवातीला स्लाइड जागची हलत नाही, तेवढा प्ले असतो. म्हणून कट नेहमी एकाच दिशेने येऊन घ्यावा. एवढं करूनही पिस्टन बारीक झाला, तर त्याच्या मापाचा नवा सिलिंडर करावा. तो मोठा झाला तर नवा पिस्टन. जाणत्या लोकांच्या कपाटात इतकी इंजिनं असतात ती यामुळेच.

पार्टिंग टूल बरोबर सेंटरच्या उंचीवर, वेग कमी, बाकी कुलदैवत.

इंजिन फिरायला लागल्यावर ‘याने होतं काय?’ असं विचारलं जाईल. ‘फिरतं’ हे उत्तर पुरेसं आहे.

शेवटच्या सूचनेत मात्र थट्टा नाही. चकची चावी चकमधून काढल्याशिवाय हातातून सोडू नका, फिरत्या मशीनवर हातमोजे आणि लांब बाह्या घालू नका, कीस हाताने ओढू नका आणि डोळ्यांवर चष्मा नसेल तर मशीनचं बटण दाबू नका.