पाळणा ते पोर्टल

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. सरकारला ते शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर दिसतात, अठराव्या वर्षी. त्याआधीची सतरा वर्षं हा मुलीचा खासगी मामला.

पाय दिसले की मात्र सरकार दिलदार. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. चांगला निर्णय आहे. (हे वाक्य सरळ वाचावं, त्यात तिरकसपणा शोधू नये.)

फक्त उत्पन्नाचा दाखला हवा. घाटकोपर येतं कुर्ला तालुक्यात आणि कुर्ल्याची तहसील कचेरी आहे मुलुंडात, टोपीवाला कॉलेजच्या इमारतीत. म्हणजे पोरीआधी तिचा बापच कॉलेजची पायरी चढतो.

आता घाटकोपरमधल्या असल्फ्याच्या टेकडीवरचं एक घर घ्या. आई सकाळी सातला पवईला घरकामाला निघते. धाकटा दोन वर्षांचा. अंगणवाडीची बालवाडी तीन वर्षांपुढच्यांसाठी, तीही काही तासच. मग धाकटा कुणाच्या कडेवर? बारावीतल्या ताईच्या. बालसंगोपन हा तिचा पहिला व्यावसायिक अभ्यासक्रम. त्याला शुल्क नाही, त्यामुळे माफीही नाही.

कायदा आहे की! मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आलं, की पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊ द्यावं. पवईच्या एकेका टॉवरमध्ये पन्नासच्या वर बायका राबत असतील. पण प्रत्येक ओटा ही स्वतंत्र आस्थापना, कर्मचारी एक! केंद्राची तर ‘पाळणा’ नावाचीच योजना आहे. नाव इतकं गोड, की बाळ फाइलीतच झोपावं.

मुलुंड-बोरिवलीच्या मध्यमवर्गाने हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. तिथे आजी नावाची संस्था आहे. सहा महिने मुलाकडे, सहा महिने मुलीकडे, गुडघे स्वखर्चाने.

१९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडकांनी मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. आपल्याकडे ‘अंगणवाडी’ हा शब्द उरला, अंगण पुनर्विकासात गेलं. अंगणवाडी सेविकेला पगार नसतो, मानधन असतं. ते वाढावं म्हणून डिसेंबर २०२३ पासून ५२ दिवस संप करावा लागला. तिकडे नोबेलविजेते जेम्स हेकमन वर्षानुवर्षं कंठशोष करताहेत, की पहिल्या पाच वर्षांत घातलेला पैसा पुढच्या शिक्षणाला फळतो. त्यांनी उत्पन्नाचा दाखला जोडला नसावा.

असो. असल्फ्याची पोर पास झाली, प्रवेशही मिळाला. एका हाताने धाकट्याला थोपटत ती मोबाइलवर अर्ज भरतेय. आधारला जोडलेला नंबर आईचा. आई पवईत, हात कणकेत, कडेवर मालकिणीचं बाळ.

“आई, ओटीपी आला का गं?”

“थांब, हात धुते.”

धाकटा जागा झाला. पवईचंही रडायला लागलं. आईने आकडे वाचले, पोरीने भरले. पडद्यावर लाल अक्षरं: ओटीपीची मुदत संपली आहे.