मध्यपृथ्वी, मुक्काम पोस्ट मालवण
मालवणातला फँटसीभक्त लांबूनच ओळखू येतो. मध्यपृथ्वीचा नकाशा त्याला तोंडपाठ. आरवलीची एसटी कधी सुटते, हे मात्र आईला विचारावं लागतं. १९५४-५५ साली तीन खंडांत आलेली टोल्किनची मध्यपृथ्वीवरची कादंबरी तो दर पावसाळ्यात, वीज गेली की बॅटरी लावून, पुन्हा वाचतो. तिच्यातला जादूगार गँडाल्फ मेला आणि परत आला, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही. पण आरवलीचा ग्रामदेव वेतोबा रात्री गावाच्या राखणीला फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, असं कुणी म्हणालं की याच्यातला विवेकवादी खडबडून जागा होतो. पुरावा काय? पुरावा आरवलीच्या देवळात मांडलेलाच आहे: नवसाच्या, माणसाच्या पायाला कधीच न होणाऱ्या चामड्याच्या चपला! दशावतारात काळ्या वेषातला संकासुर येतो, तेव्हा हा मोबाइलवर कादंबरीतल्या खलनायकाचा, सॉरॉनचा डोळा न्याहाळत बसलेला. (संकासुर निदान हसवतो तरी.) परवा त्याने आजीला गँडाल्फची पायपीट साग्रसंगीत ऐकवली. आजीने सुपारी कातरता कातरता एवढंच विचारलं, "इतको चलता, तर तेका चपला कोण देता रे?"