झुडुपकाका

काही माणसांना न दिसण्याची हौस असते, आणि आपण कसे दिसत नाही हे चारचौघांनी येऊन बघावं अशी त्यांची अपेक्षाही असते. आमच्या कळंबोलीच्या सोसायटीतले झुडुपकाका त्यातले. खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर आहे, बाकी सगळीकडे झुडुपकाका. बारसं खालच्या पोरांनी केलं आणि काकांनी ते नाव बिरुदासारखं मिरवलं.

काकांची हयात लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात बिल्ट्या फाडण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणसं विठ्ठलाकडे वळतात, शेअर बाजाराकडे वळतात, अगदीच नाइलाज झाला तर बायकोकडे वळतात. काका गवताकडे वळले. कुणीतरी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. रिकामा माळ, चिटपाखरू नाही, आणि अचानक गवताचा एक ढीग उठून चालायला लागतो. काका म्हणाले, "हे आपल्याला जमेल." हे वाक्य कानावर आलं की काकू हातातलं काम टाकून बाहेर येतात. सौर चुलीच्या वेळीही हेच वाक्य होतं आणि गॅलरीतल्या मधमाश्यांच्या वेळीही.

असल्या सोंगाला गिली सूट म्हणतात. तो घरपोच विकत मिळतो, पण काकांना विकतच्या वस्तूचा राग. शिवाय मुद्दाही होता. "त्याच्यावर ओकची पानं असतात," काका म्हणाले. "कळंबोलीत ओक कुठाय? इथे सुबाभूळ, टाकळा, गाजरगवत. खाडीकडे गेलास तर तिवर." मी म्हटलं, काका, कळंबोलीत खरंच लपायचं असेल तर ट्रेलरच्या टायरसारखं दिसावं लागेल. एक्सप्रेसवे इथून सुरू होतो, जेएनपीटीचे कंटेनर इथून वळतात, सर्कलवर टायर झालात तर साक्षात यमसुद्धा तुम्हाला ओळखायचा नाही. काकांनी मला त्या दिवसापुरतं दिसेनासं केलं.

सुटाचा इतिहास काका रोज सांगत, आणि तो ऐकताना लिफ्ट नसलेल्या इमारतीचं दुःख कळे. जिन्यात गाठ पडली की सुटका नाही. गिली म्हणजे स्कॉटलंडच्या जमीनदारांचे शिकारीतले गडी. हरणाच्या जवळ सरकायचं तर अंगावर झाडोरा पांघरायचा ही त्यांची विद्या. 1900 साली लॉर्ड लोवॅटने बोअर युद्धासाठी लोवॅट स्काउट्स ही पलटण उभी केली, तीत असली माणसं घेतली, आणि शिकारीतला झाडोरा लढाईवर गेला. इथपर्यंत सगळं बरोबर. पुढच्या मजल्यापर्यंत लोवॅटने ती कल्पना गनिमी काव्यावरून उचललेली असे, आणि गच्चीपर्यंत गेलात तर लोवॅटचं मूळ गाव महाडजवळ निघायचं.

आता लपून करायचं काय, हा प्रश्न काकूंनी विचारला होता. शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, आणि काकांच्या हातून साधं झुरळ मरत नाही. म्हणून पक्ष्यांचे फोटो काढायचे ठरलं. कॅमेरा नव्हता. "आधी लपणं जमू दे, कॅमेरा काय कधीही घेता येतो," काका म्हणाले.

सामान मात्र त्यांनी अस्सल जमवलं. धान्य तागाच्या गोणीतच भरावं असा सरकारी नियम असल्यामुळे रेशनच्या दुकानात बारदान मिळतं. पनवेलच्या कोळीवाड्यातून एक जुनं जाळं आणलं. मग दिवाणखान्यात कारखाना सुरू झाला. गोणपाटाचे हात-हातभर तुकडे करायचे, आडवे धागे एकेक ओढून काढायचे, उरलेल्या उभ्या धाग्यांची लड दुमडून जाळ्यातून ओवायची आणि फास आवळायचा. डोकं आणि खांदे ही माणसाची ओळख, तेव्हा तिथे लडी दाट, वेड्यावाकड्या, एकीसारखी दुसरी नको. पोटाकडची बाजू मोकळी, कारण त्यावर सरपटायचं. कोपरांना आणि गुडघ्यांना मात्र गोणपाटाचे जाड तुकडे. त्यातल्या एका कोपरावर 'गेहूं' आणि दुसऱ्यावर '50 किलो' असं बरेच दिवस वाचता येत होतं. (काकांचं वजन त्याहून बरंच जास्त आहे.)

तागाची कूस घरभर उडाली. आमटीत ताग, चहात ताग, देव्हाऱ्यात बाळकृष्णाला जटा. गोणपाटाला तेलाचा वास असतो, जाळ्याला मासळीचा, आणि वाळलेला ताग ठिणगीने भुर्रकन पेटतो, म्हणून काकूंनी सूट स्वयंपाकघरातून गॅलरीत हद्दपार केला. तिथे सोसायटीतली सगळी मांजरं जमली. पुढे काका सूट घालून बाहेर पडले की मागून मांजरांची पालखी निघे. कुणाला दिसू नये म्हणून निघालेल्या माणसाची इतकी मोठी मिरवणूक मी दुसरी पाहिलेली नाही.

खरा घोटाळा ऋतूंनी केला. गणपतीच्या सुमारास काकांनी सूट हिरवा करायला घेतला. तो रंगून, वाळून, गाठी मारून होईस्तोवर दिवाळी उलटली आणि खारघरचा डोंगर पिवळा पडला. त्या पिवळ्यात काका पालकाच्या जुडीसारखे उठून दिसायचे. मग सगळ्या लडी चहाच्या पाण्यात आणि पिवळ्या मातीत बुडवल्या. तो रंग मनासारखा बसला आणि मृग लागला. आपल्याकडे सह्याद्री वर्षातून दोनदा कपडे बदलतो आणि काका बरोबर एक ऋतू मागे. त्यात वासाला कंटाळून काकूंनी सूट एकदा 'जादा सफेदी'च्या पावडरीत भिजवून काढला. त्या पावडरीत असलेलं चमक आणणारं द्रव्य अतिनील किरणांत निळसर उजळतं, आणि बऱ्याच पक्ष्यांना अतिनील प्रकाश दिसतो. म्हणजे माणसांच्या लेखी काका मातकट आणि बगळ्यांच्या लेखी ट्यूबलाइट. हे मी त्यांना सांगितलं नाही. शेजारधर्म म्हणून काही आहे की नाही?

पुढच्या दिवाळीत खाली पोरं किल्ला करत होती. चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर अळीव पेरलेले, चौथ्या दिवशी हिरवागार डोंगर. काका गॅलरीतून बघत होते. सिंहगडाच्या बुरुजाला कोंब फुटलेले दिसले आणि ते वाक्य पुन्हा ऐकू आलं. काकू बाहेर यायच्या आत सुटावर पाव किलो अळीव पडले होते.

ही कल्पना, खरं सांगतो, उत्तम होती. लोवॅटच्या गड्यांनाही सुचली नसती. सूट गॅलरीत टांगला, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या चादरींवर थेंब पडून लेखी तक्रार आली, पण सूट उगवला. खांद्यांवर कोवळी हिरवळ, टोपीवर तुरा. भिजलेला ताग विलक्षण जड, तेव्हा काका तो घालून जिने उतरले ते कठड्याला धरून, मी मागून शेपटाकडची बाजू उचललेली.

आम्ही रोडपालीच्या बाजूला एका मोकळ्या जागेत गेलो. काका आडवे झाले. मिनिटभराने गवतातून आवाज आला, "दिसतोय का?"

"नाही."

"नीट बघ."

"नीट बघूनच सांगतोय."

"मग इतक्या लांबून काय बघतोस? जवळ ये की!"

जवळ गेलो. "आता?" "आता दिसताय." यावर ते रुसले. लांब उभं राहावं तर कदर नाही, जवळ जावं तर कला नासते. पक्षी आले होते, दोन गायबगळे, पण काका दर मिनिटाला "दिसतोय का?" विचारत असल्यामुळे ते गेले.

शेळी मात्र आली. वाळलेल्या माळावर तेवढाच एक हिरवा तुकडा, ती कशी सोडेल? तिने डाव्या खांद्यापासून सुरुवात केली. काका हलले नाहीत. एवढा संयम मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. शेळीने खांदा संपवला, मान संपवली, टोपीवरचा तुरा ओढला, आणि काका दातांतल्या दातांत कुजबुजले, "फोटो काढ! फोटो!" या आवाजाने शेळी दचकून पळाली. मी फोटो काढला तो त्यानंतरचा. त्यात गवत आहे, मागे विजेचा टॉवर आहे, शेळी नाही आणि काकाही नाहीत.

काका बेहद्द खूश झाले. तो फोटो त्यांनी त्याच रात्री सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'ओळखा पाहू मी कुठे आहे?' चार जणांनी हात जोडले. एकाने शुभ रात्रीचं गुलाबाचं फूल पाठवलं. बी विंगच्या सेक्रेटरींनी विचारलं, 'प्लॉट साडेबारा टक्क्यांतला का? टायटल क्लिअर आहे? रेट काय म्हणतायत?'

काकांनी रेट विचारून सांगतो म्हणून कळवलं.