एका रात्रीत कराची, साडेसात महिन्यांत परभणी

भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला असताना, ८ मे २०२५च्या रात्री मोठमोठ्या वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं देशाला सांगितलं. ते खोटं होतं. पूंछमध्ये तोफगोळ्यांच्या माऱ्यात मेलेल्या मदरशातल्या एका शिक्षकाला काही वाहिन्यांनी अतिरेकी ठरवलं. त्याचा अतिरेक्यांशी काही संबंध नव्हता, हे तिथल्या पोलिसांना पत्रक काढून सांगावं लागलं. युद्धात खातरजमेला सवड नसते, असा बचाव होतो. मला तो पटत नाही. कारण परभणीत सवड होती.

१० डिसेंबर २०२४ला परभणी स्टेशनबाहेर, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, जाळपोळ. ज्यांची दुकानं फुटली त्यांचा राग खराच आहे. पण संध्याकाळपासून पोलीस वस्त्यांत शिरले, बायकांनाही मारल्याच्या तक्रारी झाल्या, आणि बातम्यांत मात्र फुटलेल्या काचाच फिरत राहिल्या.

पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वय ३५, कायद्याचा विद्यार्थी, वडार समाजातला. १५ डिसेंबरला तो न्यायालयीन कोठडीत मेला. पहिली बातमी आली ती अशी : छातीत दुखू लागल्याने मृत्यू. सांगणारे पोलीस, म्हणून विचारणारं कुणी नाही. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अंगावर अनेक जखमा आणि त्यांतून आलेला शॉक, असं कारण नोंदलं होतं. तरी मारहाण झाली नाही, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं आणि त्याच्या श्वसनाच्या आजाराकडे बोट दाखवलं. सरकारी अहवाल आणि सरकारचं म्हणणं एकमेकांना छेद देत होते. बातमीदाराला आणखी काय लागतं? अटक कुणी केली, कोठडीतले सीसीटीव्ही कुठे आहेत, अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीत काय लिहिलं होतं, एवढं रोज विचारलं असतं तरी पुरलं असतं. काही वार्ताहरांनी, छोट्या पोर्टलवाल्यांनी ते विचारलंही. मोठे स्टुडिओ मात्र आंदोलकांचाच हिशेब मागत बसले.

पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांनाच जबाबदार धरलं. तरी गुन्हा नोंदला जाईना. सोमनाथची आई विजयाबाई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. ४ जुलै २०२५ला गुन्हा नोंदवण्याचा आदेश आला. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ३० जुलैला तिथेही हरलं.

कराचीसाठी पुरावा लागला नाही. विजयाबाईंना शवविच्छेदन, चौकशी अहवाल, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय, इतकं सगळं लागलं. ज्यांनी ‘छातीत दुखू लागल्याने’ ही ओळ पोलिसांच्या तोंडची उचलून ठळक छापली, त्यांनी दंडाधिकाऱ्यांचा निष्कर्ष त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा.